नकारात्मक प्रचार, निवडणुकीतील

निवडणुकीत स्वतःचे धोरण व कार्य मांडून मते मागण्याऐवजी प्रतिस्पर्धी उमेदवाराचे वा पक्षाचे दोष, अपयश, चारित्र्य किंवा पूर्वेतिहास यांवर भर देऊन मतदारांचे मन त्याच्याविरुद्ध वळविण्याच्या तंत्रास ‘नकारात्मक प्रचार’ म्हणतात. या प्रचाराचा रोख उमेदवाराच्या खाजगी जीवनाकडे वळला, म्हणजे त्यास ‘चारित्र्यहनन’ ही संज्ञा लावतात. मराठी व्यवहारात त्यासाठी ‘चिखलफेक’, ‘राळ उडविणे’, ‘उणीदुणी काढणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. उमेदवाराविषयीचे लोकापवाद, खरे वा खोटे, हे या प्रचाराचे प्रमुख साधन होय. निवडणुकीत सार्वजनिक प्रश्नांचा निर्णय व्हावा, ही लोकशाहीतील अपेक्षा असते. परंतु व्यक्तिगत आरोपांच्या गदारोळात ते प्रश्नच दृष्टीआड होतात, अशी मतदारांची जुनी तक्रार आहे. या तक्रारीचे स्वरूप, तिच्यातील तथ्य आणि तिच्यावर योजण्यात आलेले उपाय यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या तंत्राचा सर्वांत दीर्घ व सुसंगत इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उपलब्ध असल्याने विवेचनात त्या देशास अग्रस्थान दिले आहे.

स्वरूप व प्रकार : प्रतिस्पर्ध्यावर केलेली प्रत्येक टीका ही निंद्य ठरत नाही. सत्तारूढ पक्षाच्या कारभाराची झडती घेणे हे विरोधी पक्षाचे कर्तव्यच असते आणि मतदारास निवड करावयाची असल्याने दोन्ही बाजूंचे गुणदोष त्याच्यासमोर येणे आवश्यक असते. म्हणून अभ्यासक टीकेचे साधारणतः तीन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात धोरणे, मतदानाची नोंद, कारभारातील चुका इ. सार्वजनिक बाबींवरील टीका येते. दुसऱ्या प्रकारात सार्वजनिक पदाशी संबंध असलेल्या गैरवर्तनाचा, उदा., लाचलुचपत, अधिकाराचा दुरुपयोग, मालमत्तेची लपवाछपवी यांचा अंतर्भाव होतो. तिसऱ्या प्रकारात कौटुंबिक बाबी, विवाह, जन्म, आजार, व्यसने यांसारख्या निव्वळ खाजगी गोष्टी मोडतात. पहिला प्रकार लोकशाहीस पोषक आणि तिसरा बहुधा घातक मानला जातो. खरा वाद दुसऱ्या प्रकाराविषयी असतो. कारण आरोप खरा असेल, तर तो दडविणे हा लोकांचा विश्वासघात होतो आणि खोटा असेल, तर तो मांडणे हा विश्वासघात होतो. आरोपाची शहानिशा मात्र मतदानाच्या दिवसापूर्वी क्वचितच पुरी होते.

हे तंत्र टिकून राहण्यास मानवी मनाची एक प्रवृत्तीही कारणीभूत आहे. चांगल्या माहितीपेक्षा वाईट माहितीकडे मनुष्याचे लक्ष अधिक वेगाने वेधले जाते व ती अधिक काळ स्मरणात राहते, असे मानसशास्त्रीय प्रयोगांत आढळून आले आहे. शिवाय धोरणाची मांडणी करण्यास वेळ लागतो आणि तीत मतभेदाचा धोका असतो. आरोप मात्र एका वाक्यात करता येतो आणि त्याचे निराकरण करण्याचा भार प्रतिपक्षावर पडतो.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८०० ची अध्यक्षीय निवडणूक जॉन ॲडम्स (१७३५–१८२६) व टॉमस जेफर्सन (१७४३–१८२६) यांच्यात झाली. त्या काळची वृत्तपत्रे उघडपणे पक्षांची मुखपत्रे होती. जेफर्सन हे नास्तिक असून ते निवडून आल्यास धर्म बुडेल, असा प्रचार फेडरॅलिस्ट पक्षीयांनी केला, तर ॲडम्स यांना राजेशाही प्रस्थापित करावयाची आहे, असे जेफर्सनच्या अनुयायांनी पसरविले. जेम्स कॅलेंडर या लेखकाने ॲडम्सविरुद्ध जहाल लेखन केले व त्यास जेफर्सन यांचे आर्थिक साहाय्य होते. १७९८ च्या राजद्रोह अधिनियमाखाली कॅलेंडरला कारावास झाला. पुढे अपेक्षित सरकारी पद न मिळाल्यामुळे त्याने जेफर्सन यांच्यावरच लेखणी उलटविली आणि सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीपासून त्यांना अपत्ये असल्याचे १८०२ मध्ये प्रसिद्ध केले. दीर्घकाळ ही निव्वळ बदनामी मानली गेली. तथापि १९९८ मधील जनुकीय चाचणीनंतर बहुतेक इतिहासकार हा संबंध खरा मानतात. आरोप करणाऱ्याचा हेतू मलिन असला, तरी त्यावरून आरोपाचा खरेखोटेपणा ठरत नाही, हे या प्रकरणावरून दिसून येते.

१८२८ ची निवडणूक जॉन क्विन्सी ॲडम्स (१७६७–१८४८) व अँड्रू जॅक्सन (१७६७–१८४५) यांच्यातील चारित्र्यहननासाठी कुप्रसिद्ध आहे. जॅक्सन यांच्या सेनापतित्वाखाली देहदंड दिलेल्या सहा स्वयंसैनिकांच्या शवपेटिकांची चित्रे छापलेली पत्रके फिलाडेल्फियाच्या जॉन बिन्स या संपादकाने वाटली. जॅक्सन यांच्या पत्नी रेचेल यांचा पहिल्या पतीपासूनचा घटस्फोट पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचा दुसरा विवाह झाला होता, या पस्तीस वर्षांहून अधिक जुन्या गोष्टीचा गवगवा करण्यात आला. उलट बाजूने ॲडम्स यांनी अध्यक्षीय निवासात बिल्यर्डचे टेबल आणून जुगाराचा अड्डा केला, असे आरोप झाले. निवडणूक जॅक्सन यांनी जिंकली. परंतु अधिकारग्रहणापूर्वीच डिसेंबर १८२८ मध्ये रेचेल यांचे निधन झाले व त्यास निंदकच जबाबदार असल्याची जॅक्सन यांची धारणा अखेरपर्यंत कायम राहिली. त्याच वर्षी संमत झालेला जकात अधिनियम दक्षिणेकडील राज्यांना अत्यंत जाचक वाटला होता. पुढे १८३२ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याने जकात कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरविण्यापर्यंत मजल मारली आणि संघराज्यावर फुटीचे संकट ओढवले. प्रचारातील गदारोळात दुर्लक्षिलेले प्रश्न निवडणुकीनंतर अधिक उग्र स्वरूपात पुढे येतात, याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

१८८४ च्या निवडणुकीत डेमॉक्रॅटिक पक्षाचे ग्रोव्हर क्लीव्हलंड (१८३७–१९०८) यांना अनौरस अपत्य असल्याचे उघडकीस आले, तर रिपब्लिकन पक्षाचे जेम्स ब्लेन (१८३०–९३) यांनी लोकसभागृहाचे सभापती असताना एका रेल्वे कंपनीकडून आर्थिक लाभ उठविल्याचे त्यांच्याच पत्रांवरून दिसून आले. सत्य असेल ते सांगावे, असा आदेश क्लीव्हलंड यांनी आपल्या सहकाऱ्यांना दिला. रिपब्लिकन पक्षातील सुधारणावाद्यांच्या एका गटाने, खाजगी स्खलनापेक्षा सार्वजनिक पदाचा दुरुपयोग अधिक गंभीर, या भूमिकेवरून क्लीव्हलंड यांना पाठिंबा दिला. निर्णायक ठरलेल्या न्यूयॉर्क राज्यात क्लीव्हलंड यांचे मताधिक्य दीड हजारांहूनही कमी होते. लोकापवादांमध्येही तारतम्य करता येते आणि मतदार ते करू शकतात, असा या निवडणुकीचा अर्थ लावण्यात येतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मासिकांतून उद्योगसमूह व राजकारणी यांच्या भ्रष्टाचारावर शोधलेखन होऊ लागले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट (१८५८–१९१९) यांनी १९०६ मधील एका भाषणात अशा लेखकांना उकिरडा उपसणाऱ्याची उपमा दिली. घाण उपसणे समाजास अत्यावश्यक आहे. परंतु कोठे थांबावे हे उपसणाऱ्यास कळले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरसकट सर्वांनाच काळे रंगविले, तर लोकांना प्रामाणिक व अप्रामाणिक यांतील भेदच कळेनासा होतो आणि त्याचा लाभ अप्रामाणिकांना मिळतो, हा त्यांचा युक्तिवाद आजही या विषयाच्या चर्चेत मध्यवर्ती मानला जातो.

चित्रवाणीचे युग : चित्रवाणीमुळे या तंत्राचे स्वरूप पालटले. युक्तिवादाची जागा प्रतिमेने घेतली. ७ सप्टेंबर १९६४ रोजी लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारासाठी प्रक्षेपित झालेल्या एका मिनिटाच्या जाहिरातीत फुलाच्या पाकळ्या खुडणारी एक लहान मुलगी आणि पाठोपाठ अण्वस्त्राचा स्फोट दाखविला होता. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नावही तीत नव्हते. तथापि ते निवडून आल्यास अणुयुद्ध ओढवेल, हे सूचित झाले. ही जाहिरात पैसे मोजून एकदाच दाखविण्यात आली; परंतु वृत्तकार्यक्रमांनी तिची वार्ता म्हणून पुनरावृत्ती केल्याने ती देशभर पोहोचली. आक्षेपार्ह प्रचारावर टीका करतानाही त्याचा प्रसार होतो, ही माध्यमांपुढील अडचण तेव्हापासून कायम आहे.

१९८८ ची निवडणूक या बाबतीत निर्णायक मानतात. मॅसॅचूसेट्स राज्यात तुरुंगातून तात्पुरत्या रजेवर सोडण्यात आलेल्या विली हॉर्टन या खुनाच्या गुन्ह्यातील कैद्याने फरार होऊन आणखी गंभीर गुन्हे केले होते. हॉर्टन हा कृष्णवर्णीय होता. त्याचे छायाचित्र दाखवून राज्यपाल मायकेल डुकॅकिस यांना दोष देणारी जाहिरात रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांच्या पक्षसंघटनेने नव्हे, तर एका बाह्य गटाने केली. रजेची ही योजना मूळात १९७२ मध्ये एका रिपब्लिकन राज्यपालाच्या कारकीर्दीत सुरू झाली होती, हे जाहिरातीत सांगितलेले नव्हते. बुश विजयी झाले; परंतु मतदानाचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर घसरले. १९२४ नंतरच्या अध्यक्षीय निवडणुकांतील हे तोवरचे सर्वांत कमी प्रमाण होते. याच काळात देशातील बचत व गृहकर्ज संस्था मोठ्या संख्येने दिवाळखोरीच्या मार्गावर होत्या. दोन्ही पक्षांनी या प्रश्नाची फारशी चर्चा केली नाही. निवडणुकीनंतर काही महिन्यांतच, १९८९ मध्ये, त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि या संकटाचा करदात्यांवर पडलेला बोजा अखेरीस सुमारे १२४ अब्ज डॉलर इतका झाला. एका कैद्याची रजा आणि एवढा आर्थिक बोजा यांच्या महत्त्वाची तुलना करता, नकारात्मक प्रचाराची खरी किंमत कोण मोजतो, हे स्पष्ट होते.

लोकापवाद आणि वृत्तमाध्यमे : लोकापवादाला मिळणारी प्रसिद्धी व त्याचे सार्वजनिक महत्त्व यांचे प्रमाण नेहमीच सम असते, असे नाही. १९७२ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीचे एक प्रमुख इच्छुक एडमंड मस्की यांनी फ्रेंच–कॅनडीय वंशाच्या लोकांची टवाळी केल्याचा आरोप करणारे पत्र न्यू हॅम्पशरमधील एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. हे पत्र बनावट होते आणि निक्सन यांच्या पाठीराख्यांच्या घातपाती कारवायांचा तो एक भाग असल्याचे पुढे वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. मस्की यांची उमेदवारी मात्र मागे पडली. याउलट १७ जून १९७२ रोजी झालेली वॉटरगेट इमारतीतील घरफोडी व तिच्याशी निगडित हेरगिरी यांविषयी निवडणुकीपूर्वीच बातम्या येऊनही मतदारांवर त्यांचा परिणाम झाला नाही. नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली. घटनात्मक दृष्ट्या गंभीर असलेल्या या प्रकरणात त्यांना ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा द्यावा लागला. खोटी व क्षुल्लक बाब प्रभावी ठरली आणि खरी व गंभीर बाब दुर्लक्षित राहिली, असा हा विपर्यास होता.

वॉटरगेटनंतर वार्ताहरांची पिढी अधिक शोधक बनली, त्याचबरोबर खाजगी जीवनाविषयीचा पूर्वीचा संकेतही शिथिल झाला. विवाहबाह्य संबंधाच्या वृत्तामुळे मे १९८७ मध्ये गॅरी हार्ट यांना अध्यक्षीय स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या संबंधांचे व शपथेवरील खोट्या साक्षीचे प्रकरण वर्षभर गाजले. तथापि त्या वर्षीच्या मध्यावधी निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या कनिष्ठ सभागृहातील जागा पाचने वाढल्या. अध्यक्षांच्या पक्षाला मध्यावधी निवडणुकीत असा लाभ १९३४ नंतर प्रथमच झाला. डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोगाचा ठराव संमत झाला, त्याच सुमारास झालेल्या गॅलप संस्थेच्या पाहणीत त्यांच्या कारभारास ७३ टक्के लोकांनी पसंती दर्शविली. लोकांनी वर्तनाचे समर्थन केले, असा याचा अर्थ नव्हे. कारभार व खाजगी वर्तन यांचे माप वेगळे ठेवावे, असे बहुसंख्यांना वाटत होते, एवढेच त्यावरून निष्पन्न होते.

टॉमस पॅटरसन या राज्यशास्त्रज्ञाने १९९३ मधील आपल्या ग्रंथात असे दाखविले, की वार्ताहर निवडणुकीकडे प्रामुख्याने एक खेळ म्हणून पाहतात. कोण पुढे, कोण मागे व कोणाचा डाव काय, यांस बातमीत अग्रस्थान मिळते. मतदार मात्र निवडणुकीकडे प्रश्न सोडविण्याचे साधन म्हणून पाहतात. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीसंबंधी त्यांनीच केलेल्या हार्व्हर्ड विद्यापीठातील अभ्यासात धोरणविषयक प्रश्नांचा वाटा प्रमुख माध्यमांच्या वृत्तांकनात केवळ सुमारे १० टक्के आढळला. उमेदवारांच्या वादग्रस्त प्रकरणांना त्याहून अधिक जागा मिळाली होती.

मतदारांवरील परिणाम : नकारात्मक प्रचारामुळे मतदार मतदानापासून परावृत्त होतात काय, या प्रश्नावर अभ्यासकांत मतभेद आहेत. स्टीव्हन अँसोलाबेहेअर व शांतो अय्यंगार यांनी नियंत्रित प्रयोगांच्या आधारे १९९५ मध्ये असे प्रतिपादन केले, की अशा जाहिराती पाहिल्याने मतदानाची इच्छा सुमारे पाच टक्क्यांनी घटते आणि विशेषतः कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेला मतदार दुरावतो. याउलट रिचर्ड लाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एकूण १११ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अशा प्रचाराने मते हमखास मिळतात किंवा मतदान घटते, असे त्यांना आढळले नाही. मात्र शासनावरील विश्वास काही अंशी कमी होतो, असे दिसून आले. म्हणजे ज्या तंत्रासाठी अमाप पैसा खर्च होतो, त्याची निवडणूक जिंकण्यातील उपयुक्तता अनिश्चित असून समाजाचे होणारे नुकसान मात्र, थोडे का होईना, निश्चित आहे. जॉन गिअर यांनी २००६ मधील ग्रंथात दुसरी बाजू मांडली : हल्ला करणाऱ्यास पुरावा द्यावा लागतो, म्हणून नकारात्मक जाहिरातींत सकारात्मक जाहिरातींपेक्षा प्रश्नांविषयीचा तपशील अधिक असतो, गोड व पोकळ आत्मस्तुती ही मतदारास अधिक दिशाभूल करणारी ठरू शकते.

मतदारांचा वैताग म्हणजे उदासीनता नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतील केटरिंग प्रतिष्ठानाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, नागरिकांना सार्वजनिक प्रश्नांत रस आहे, परंतु राजकीय चर्चेतून आपणास बाहेर ढकलले गेले आहे अशी त्यांची भावना आहे, असा निष्कर्ष होता. याचे प्रत्यंतर १५ ऑक्टोबर १९९२ रोजी रिचमंड येथे झालेल्या अध्यक्षीय वादसभेत आले. या सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार पत्रकारांऐवजी सामान्य नागरिकांना देण्यात आला होता. परस्परांच्या चारित्र्यावरील हल्ले थांबवून देशापुढील प्रश्नांवर बोलावे, अशी स्पष्ट मागणी त्यांनी तिन्ही उमेदवारांकडे केली आणि पुढील चर्चा बव्हंशी रोजगार, राष्ट्रीय कर्ज, आरोग्यसेवा या विषयांवर झाली. त्या वर्षी मतदानाचे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांपर्यंत वाढले. अर्थात त्यामागे तिसऱ्या उमेदवाराचे आकर्षण व आर्थिक मंदी यांसारखी अन्य कारणेही होती. अतिरेकी प्रचार उलटतो, याचे उदाहरण कॅनडात १९९३ मध्ये घडले. झाँ क्रेत्याँ यांच्या चेहऱ्यातील व्यंगाकडे निर्देश करणारी मानली गेलेली जाहिरात लोकक्षोभामुळे प्रॉग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह या सत्तारूढ पक्षाला तत्काळ मागे घ्यावी लागली. आधीच घसरणीला लागलेल्या त्या पक्षास निवडणुकीत केवळ दोन जागा मिळाल्या.

कायदेशीर नियंत्रण : या बाबतीत दोन भिन्न परंपरा दिसतात. अमेरिकेत भाषणस्वातंत्र्यास सर्वोच्च स्थान आहे. १९६४ मधील न्यूयॉर्क टाइम्स वि. सलिव्हन या खटल्यातील निर्णयानुसार, सार्वजनिक अधिकाऱ्यास बदनामीची भरपाई मिळण्यासाठी विधान खोटे असल्याचे माहीत असूनही किंवा सत्यासत्याची बेपर्वाई करून ते केले, हे सिद्ध करावे लागते. २००२ च्या अधिनियमाने उमेदवाराने आपल्या चित्रवाणी व नभोवाणी जाहिरातींस स्वतःच्या मुखाने संमती दर्शविण्याचे बंधन घातले; परंतु बाह्य गटांना ते लागू नाही आणि २०१० मधील सिटिझन्स युनायटेड खटल्याच्या निर्णयानंतर अशा गटांच्या खर्चावरील मर्यादाही दूर झाल्या.

ब्रिटनमध्ये उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी खोटे विधान करणे हा १८९५ च्या अधिनियमापासून निवडणूक गुन्हा आहे. २०१० मध्ये फिल वूलस हे मजूर पक्षाचे उमेदवार १०३ मतांनी निवडून आले होते. प्रतिस्पर्ध्याने अतिरेक्यांचा पाठिंबा मिळविण्याचा प्रयत्न केल्याचे खोटे विधान पत्रकात केल्यावरून निवडणूक न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. सुमारे शतकभरात असा निर्णय प्रथमच झाला.

भारतातील स्थिती : भारताने ब्रिटिश परंपरा स्वीकारली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील कलम १२३ (४) अन्वये, उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी खोटे असणारे आणि खरे असल्याचा विश्वास नसताना केलेले वस्तुस्थितिविषयक विधान, त्याच्या यशास बाधक ठरेल अशा रीतीने प्रसिद्ध करणे, हा ‘भ्रष्ट आचार’ ठरतो. असे विधान उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी केल्याचे सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होते व सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. राजकीय धोरणावरील टीका, ती कितीही कठोर असली, तरी या कलमाखाली येत नाही. ही सीमारेषा आखणे नेहमीच सोपे नसते. राजस्थान विधानसभेच्या १९६२ मधील निवडणुकीतून उद्‌भवलेल्या कुमारानंद वि. ब्रिजमोहन लाल शर्मा या खटल्यात, प्रचारसभेत म्हटल्या गेलेल्या एका पद्यात प्रतिस्पर्ध्यास चोरांचा शिरोमणी ठरविले होते. हे केवळ काव्यगत अतिशयोक्तीचे मत नसून वस्तुस्थितिविषयक विधान आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि निवडणूक रद्दच राहिली.

निवडणुकीच्या संदर्भात खोटी विधाने करणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १७१-छ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली दंडनीय अपराध आहे. निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेनुसार टीका धोरणे, कार्यक्रम, पूर्वकार्य यांपुरती मर्यादित ठेवावयाची असते. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खाजगी जीवनावर आणि शहानिशा न केलेल्या आरोपांवर आधारित टीका वर्ज्य आहे. या संहितेचा उगम केरळ विधानसभेच्या १९६० मधील निवडणुकीत झाला. तिला कायद्याचे अधिष्ठान नाही आणि निवडणूक अर्जाचा निकाल लागेपर्यंत प्रतिनिधीची मुदत बरीचशी संपलेली असते. त्यामुळे ही सर्व बंधने व्यवहारात दुर्बळ ठरतात.

लोकापवाद आणि सार्वजनिक प्रश्न यांचे नाते भारतातही गुंतागुंतीचे आहे. महाराष्ट्रात सिमेंट वाटपाच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला. टंचाईच्या वस्तूचे वाटप कोणत्या निकषावर होते, हा स्वतःच सार्वजनिक प्रश्न असल्याने त्या प्रकरणाची चर्चा गैरलागू म्हणता येत नाही. १९८९ ची लोकसभा निवडणूक बोफोर्स तोफांच्या व्यवहारातील कथित दलालीभोवती फिरली. १९८४ मध्ये चारशेहून अधिक जागा जिंकणाऱ्या काँग्रेस पक्षाला १९७ जागा मिळाल्या. त्याच वर्षी विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मुलाचे सेंट किट्स या बेटावरील संस्थेत खाते असल्याचे दर्शविणारी कागदपत्रे प्रसिद्धीस आली. ती बनावट असल्याचा निष्कर्ष पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने काढला. बोफोर्स प्रकरणी राजीव गांधी यांच्याविरुद्धचे लाचखोरीचे आरोप दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तेरा वर्षांनी, रद्दबातल केले. मतदार व न्यायालय यांचे निर्णय दीड दशकाच्या अंतराने झाले. तपासयंत्रणा संथ असतील, तर निवडणूक हेच न्यायपीठ बनते आणि पुराव्याची जागा समजूत घेते.

याउलट संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १९५७ च्या निवडणुकीतील प्रचार भाषेच्या दृष्टीने अतिशय प्रखर होता. प्र. के. अत्रे (१८९८–१९६९) यांच्या मराठा  दैनिकातील उपहास व घणाघाती टीका प्रसिद्धच आहे. त्यात वैयक्तिक शेरेबाजीही पुष्कळ होती. तथापि भाषिक राज्य व मुंबईचे स्थान हा मूळ प्रश्न मतदाराच्या दृष्टीआड कधीच झाला नाही. भाषेची तीव्रता हा मुख्य दोष नसून विषयापासून ढळणे हा खरा दोष होय, हे यावरून स्पष्ट होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे उमेदवारांस आपल्यावरील गुन्हेगारी खटले, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती शपथपत्राद्वारे देणे बंधनकारक झाले. अफवेची जागा अधिकृत माहितीने घ्यावी, ही या उपायामागील भूमिका आहे. २०१३ मधील निर्णयाने मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय उपलब्ध झाला आणि मतदाराच्या वैतागास प्रथमच अधिकृत अभिव्यक्ती मिळाली. निकालावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनविलेल्या खोट्या ध्वनिफिती व चित्रफिती यांमुळे हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. अशी सामग्री निदर्शनास आल्यापासून तीन तासांच्या आत पक्षांनी काढून टाकावी, असा आदेश निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये दिला. समाजमाध्यमांवरील प्रसाराची गती पाहता तीन तासांचा अवधीही थोडा नाही.

अन्य उपाय व मूल्यमापन : कायद्याच्या मर्यादा लक्षात घेऊन काही वृत्तपत्रांनी स्वतःच पुढाकार घेतला. कॅन्ससमधील विचिटा ईगल  या दैनिकाने १९९० मध्ये व शार्लट ऑब्झर्व्हर  या दैनिकाने १९९२ मध्ये वाचकांची पाहणी करून त्यांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न निश्चित केले आणि त्या प्रश्नांवर उमेदवारांची उत्तरे मागून निवडणुकीचे वृत्तांकन त्यांभोवती उभारले. जाहिरातींतील दाव्यांची सत्यता तपासून ती छापण्याची प्रथाही १९८८ च्या अनुभवानंतर रूढ झाली. वादसभेत नागरिकांना प्रश्नाधिकार देणे, हा अशाच स्वरूपाचा उपाय होय.

नकारात्मक प्रचार पूर्णतः नाहीसा करणे शक्य नाही व इष्टही नाही. टीकेवर सरसकट बंदी आल्यास तिचा पहिला लाभ सत्ताधाऱ्यांना होतो. १७९८ च्या राजद्रोह अधिनियमाचा अनुभव हाच आहे. आरोप पुराव्यावर आधारलेला आहे काय, त्याचा सार्वजनिक पदाशी संबंध आहे काय आणि त्याला मिळणारी जागा त्याच्या महत्त्वाच्या प्रमाणात आहे काय, या तीन कसोट्या लावल्यास योग्य टीका व चिखलफेक यांतील भेद बव्हंशी स्पष्ट होतो. त्या लावण्याचे काम न्यायालये निवडणुकीनंतर आणि वृत्तपत्रे निवडणुकीच्या काळात करू शकतात. निवडणुकीत दुर्लक्षित राहिलेले प्रश्न त्यामुळे सुटत नाहीत. त्यांचा भार पुढे करदाते, शेतकरी, कामगार इ. सर्वांना सोसावा लागतो आणि त्या वेळी प्रचारातील आरोप बहुधा विस्मृतीत गेलेले असतात.